नांगी हा सुटा भाग आहे

एका जंगलात, बाळांनो, एक ओढा होता, आणि त्या ओढ्यापायी एका जंगलाची दोन राज्यं झाली होती. एक अलीकडचं राज्य आणि एक पलीकडचं. पलीकडचे लोक अर्थातच स्वतःला अलीकडचे समजत. त्यावरून बरंच भांडण झालं होतं, पण ती गोष्ट वेगळी. मध्ये विचारू नका.

दोन्ही राज्यांना एकेक वाघ राजा होता. एकदा पलीकडच्या वाघानं ओढा ओलांडून अलीकडची तीन हरणं खाल्ली. हरणांनी निवेदन दिलं. निवेदन देण्याची हरणांना पूर्ण मोकळीक होती. मग दोन्ही वाघ एकत्र बसले. तीन दिवस गंभीर चर्चा झाली आणि चर्चेत आणखी दोन हरणं संपली. शेवटी कायदा झाला, की शस्त्र घेऊन कुणीही ओढा ओलांडायचा नाही.

आता शस्त्र म्हणजे काय? कायद्यात लिहिलं होतं, जे टोचतं, चावतं किंवा ओरबाडतं ते शस्त्र. पहिल्याच दिवशी नाक्यावर सातशे जण अडकले. साळिंदर अडकलं. डास अडकले. ओढ्यातून वाहत आलेली बाभळीची एक फांदी अडकली, आणि तिला मालक नसल्यामुळे ती अजून अडकलेली आहे.

मग कोल्ह्यांची समिती नेमली. कोल्हे हुशार, हे तुम्हाला दुसरीच्या पुस्तकापासून ठाऊक आहे. कोल्हे म्हणाले, "एका शस्त्राचे दहा भाग असतात. दहाही भागांना शस्त्र म्हटलं तर मोजता मोजता आपण म्हातारे होऊ. तेव्हा एकच भाग शस्त्र धरावा. उरलेले सगळे सुटे भाग."

"कुठला एक?" वाघांनी विचारलं.

"ज्यावर सरकारी नंबर पडेल तो."

झालं. ज्यावर नंबर, ते शस्त्र. ते परवानेवाल्या वाहकानंच न्यायचं, बंद पेटीतून न्यायचं आणि पलीकडे परवानेवाल्याच्याच हाती द्यायचं. सुटे भाग मात्र कुणीही खुशाल पिशवीत घालून न्यावेत.

मग जंगलभर नंबर मारण्याची शिबिरं भरली. शाई बाभळीच्या डिंकात कालवलेली होती, एकदा लागली की सात जन्म निघायची नाही. पलीकडच्या वाघाच्या पंजावर नंबर मारायला एक कारकून गेला. तो परत आला नाही. दुसरा कारकून शहाणा होता. त्यानं टेकडीवरूनच पाहिलं आणि लिहिलं, "वाघोबांच्या अंगावर कुठेही नंबर आढळला नाही." अलीकडच्या वाघाबद्दलही त्यानं तिथूनच लिहून टाकलं. म्हणजे कायद्यानं दोन्ही वाघ निःशस्त्र ठरले. शस्त्र स्वीकारण्याचा परवाना फक्त निःशस्त्र प्राण्याला द्यायचा असा नियम होता, त्यामुळे तोही त्या दोघांनाच मिळाला. हसू नका, नियमात बसतं ते.

तर अलीकडच्या राज्यात सगुणाक्का नावाची एक विंचवीण राहायची. शिबिरात तिलाही रांगेत उभं केलं होतं. नंबर मारायचा होता नांगीवर. पण नांगी केवढी आणि शिक्का केवढा. शिक्का घसरला आणि पाठीवर बसला. नंबर चारशे बारा.

"साहेब, हितं न्हाई, तिकडं," सगुणाक्का म्हणाली.

"पडला तिथे पडला," कारकून म्हणाला. "पुढचा."

म्हणजे, बाळांनो, सगुणाक्काची पाठ हे शस्त्र झालं आणि नांगी हा सुटा भाग झाला. त्या दिवशी ती पोट धरून हसली. पुढे मात्र तिच्यावर रडायची पाळी आली.

कारण तिला पोरं झाली. सव्वीस. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ते उगीच नाही. विंचवाची पोरं जन्मल्यावर आईच्या पाठीवर बसतात आणि पहिली कात टाकेपर्यंत उतरत नाहीत. उतरवली तर मरतात. ऊन लागलं तरी मरतात. त्यांना ओल हवी, सावली हवी, आईची पाठ हवी. आणि नेमका तेव्हाच सगुणाक्काच्या डोक्यावरचा दगड गेला. नाक्याच्या नव्या इमारतीच्या पायात घालायला तो सरकारनं उचलून नेला.

तिच्या बहिणीचा दगड पलीकडे होता, वाघाच्या गुहेला लागून, चांगला ओलसर. सगुणाक्का सव्वीस पोरं घेऊन सकाळीच निघाली. ऊन डोक्यावर यायच्या आत पोचायचं होतं. ओढा तर पंधरा पावलांचा होता.

पण ओढ्याच्या आधी नाका होता आणि नाक्यावर चिवटेसाहेब होते.

चिवटेसाहेब ही घोरपड होती. एकोणीस वर्षं ते एकाच खुर्चीला चिकटून होते. तीन नाकेदार त्यांच्या जागी बदलून आले आणि उभे राहून निवृत्त झाले.

"पाठीवर काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"बिऱ्हाड हाय, साहेब. बारकी पोरं हायती."

साहेबांनी पोरं जरा बाजूला सारून पाहिलं. "हा तर नंबर आहे. चारशे बारा. बाई, सदरहू पाठ हे शस्त्र आहे. आणि तुम्ही शस्त्रावर पोरं बसवता?"

"मग कशावर बसवू?"

"तो प्रश्न या खात्याकडे येत नाही. पोरं उतरवा, पाठ इथे जमा करा. पाठ पाठवण्याचा अर्ज हा इथे टेबलावर ठेवतो, मंजूर झाला की पाठ रीतसर पाठवली जाईल. नांगी तुम्ही घेऊन जाऊ शकता. तो सुटा भाग आहे."

सगुणाक्का म्हणाली, "साहेब, पाठ हितं ठिवून नांगी कशी नेऊ? मधी मी हाय की."

"तो तुमचा खासगी मामला आहे."

इतक्यात पलीकडचा वाघ ओढा ओलांडून आला. जेवणाची वेळ झाली होती. चिवटेसाहेब खुर्ची न सोडता जेवढं वाकता येईल तेवढे वाकले. वहीत लिहिलं, "एक प्रवासी, निःशस्त्र." वाघ मिशा चाटत हरणांच्या दिशेनं गेला.

नाक्याची सावली पायरीपर्यंत आखडली. सगुणाक्का सावलीबरोबर सरकत राहिली. आता ती भिंतीला टेकली होती.

नाक्यावर कासवअण्णा बसलेले होते. दोन्ही राज्यांत परवानेवाले वाहक म्हणून ते एकटेच होते. सगुणाक्कानं त्यांना विचारलं, "अण्णा, पाठ पोचवायला किती दिस लागतील?"

"एकवीस."

"पंधरा पावलांचा वढा, आन् एकवीस दिस?"

"वढ्याला अर्धा तास," कासवअण्णा म्हणाले. "बाकीचे कागदाचे."

"आन् तिकडं घेणार कोन?"

"परवानेवाला एकच हाय. वाघोबा."

सगुणाक्कानं पाठीकडे वळून पाहिलं. सगळ्यात धाकटं पोर, शेपटीजवळ बसलेलं, मान टाकून पडलं होतं. ऊन त्याच्यापर्यंत पोचलं होतं. सगुणाक्का घाबरली, फार घाबरली. आई घाबरली की दोन गोष्टी होतात. ती रडते, नाहीतर ती नियम नीट वाचते.

"साहेब, मी अडानी," ती म्हणाली. "एकदा समजावून सांगा. पाठ म्हंजी हत्यार न्हवं?"

"होय."

"आन् नांगी?"

"नांगी हा सुटा भाग आहे. किती वेळा सांगू?"

"सुट्या भागानं कुनाला काय झालं, तर?"

चिवटेसाहेबांनी नियमावली उघडली. पुढून पाहिली, मागून पाहिली. "सुट्या भागानं काहीही होत नाही. तशी तरतूदच नाही."

"लिहून देता?"

लिहून द्यायला साहेबांना फार आवडे. त्यांनी कागदावर लिहिलं, "नांगी हा सुटा भाग आहे. त्यानं कुणालाही काहीही होऊ शकत नाही." खाली सही केली. शिक्का मारला. कागद नोंदीसाठी कासवअण्णांकडे दिला आणि म्हणाले, "झालं समाधान? आता नांगी टाका आणि पोरं उतरवा." असं म्हणून त्यांनी स्वतःच हात पुढे केला आणि त्या मान टाकलेल्या धाकट्या पोराला चिमटीत धरलं.

बाळांनो, मोठ्यांपुढे नांगी टाकावी असं आपल्याकडे सांगतात. नेमकी कुठे टाकावी ते सांगत नाहीत. सगुणाक्कानं ती साहेबांच्या अंगठ्यावर टाकली.

एकोणीस वर्षांत पहिल्यांदा चिवटेसाहेब खुर्चीवरून उठले. नुसते उठले नाहीत, छतापर्यंत उठले. तिथून टेबलावर आले. टेबलावर शाईचा डबा होता, त्यात त्यांची शेपटी बुडाली. शाई डिंकाची. शेपटीला 'मंजूर'चा शिक्का चिकटला. मग साहेब नाचायला लागले. इकडे शेपटी आपटली, मंजूर. तिकडे आपटली, मंजूर. साळिंदराचा चार वर्षांपूर्वीचा अर्ज मंजूर. डासांचा सामुदायिक अर्ज मंजूर. बाहेर बातमी गेली तशी अर्जदार आपापले कागद शेपटीखाली सरकवायला लागले. एका माकडाकडे कागद नव्हता, त्यानं कपाळ पुढे केलं. ते मंजूर झालं. सगुणाक्काचा पाठ पाठवण्याचा अर्ज दोनदा मंजूर झाला.

"लिही," साहेब नाचता नाचता ओरडले. "मला नांगी मारली म्हणून लिही."

कासवअण्णांनी हातातला कागद सावकाश वाचला. "पन साहेब, त्यानं काय हुईत न्हाई. तुमचीच सही हाय."

"मग मला हे काय होतंय?"

कासवअण्णांनी थोडा विचार केला आणि वहीत लिहिलं, "साहेब स्वखुशीनं नाचले."

मग ते सगुणाक्काकडे वळले. "चल बाई. कागद झाले. मी परवानेवाला. माझी पाठ म्हंजी बंद पेटी. मानेपाशी कवचाखाली शीर, तिथं सावली हाय. पाठीबरोबर सुटा भाग आला तर माझी हरकत न्हाई."

सगुणाक्का पोरांसकट कवचाच्या कडेखाली शिरली. नांगी कासवअण्णांच्या मानेला अगदी हलकी टेकली. मुद्दाम नाही हो. जागाच तेवढी होती. कासवअण्णांनी एकदा मान वळवून पाहिलं, आणि पळाले. होय, कासवच पळालं. अर्ध्या तासाचा ओढा त्यांनी नव्वद मोजेपर्यंत ओलांडला. वाटेत एक ससा दिसला, त्याला त्यांनी ओळखही दाखवली नाही.

पलीकडे गुहेच्या तोंडाशी कासवअण्णा थांबले आणि नियमाप्रमाणे तीन हाका मारल्या. वाघ घरी नव्हता. तो अलीकडे जेवत होता, तुम्हाला माहीत आहेच. कासवअण्णांनी पावतीवर लिहिलं, "घेणारा घरी नाही. शेजारी दिलं." शेजारी बहिणीचा दगड होता.

दगडाखाली गार ओल होती. सगुणाक्कानं पोरं मोजली. पंचवीस हलत होती. धाकटं हलेना. ती पुन्हा पुन्हा त्याला ओलीजवळ नेत राहिली. बराच वेळ गेला. मग त्या एवढ्याशा पोरानं आपली एवढीशी नांगी वर केली आणि मावशीच्या पायाला टोचली.

"काय झालं गं?" सगुणाक्कानं विचारलं.

"काय न्हाई," बहीण डोळे पुसत म्हणाली. "सुटा भाग लागला जरासा."

आणि नाक्यावर? नाचताना साहेबांचा पाय लागून नंबर मारायचा शिक्का फळीवरून पडला, तो थेट साहेबांच्या रिकाम्या खुर्चीवर. नंबर नऊशे तेरा. शाई डिंकाची, निघेना. ज्यावर नंबर ते शस्त्र, म्हणून खुर्ची जप्त झाली आणि बंद खोलीत ठेवली गेली. साहेब आता बाहेर उभे असतात. एवढे नंबर मारले सरकारनं, पण बरोबर जागी पडलेला मला तरी हा एकच ठाऊक आहे.

तात्पर्य: शस्त्र बाळगणं हा गुन्हा आहे, म्हणून शहाण्यानं शस्त्र कधीही बाळगू नये. सुटे भाग बाळगावेत, आणि ते सुटे ठेवू नयेत.