खाट क्रमांक चव्वेचाळीस

जिल्हा साथनियंत्रण कक्षाच्या संगणकाने मंगळवारी सकाळी जाहीर केले, की गावातल्या रुग्णालयात चौदा खाटा रिकाम्या आहेत. त्या वेळी मुख्य परिचारिका लिआव शूछिन हिचे वडील त्याच रुग्णालयाच्या पॅसेजमध्ये, स्ट्रेचरवर पडून, दुसऱ्या दिवशीही खाटेची वाट पाहत होते.

घोळ अगदी साधा होता. आम्हा तैवानी लोकांच्या कानाला ‘चार’ आणि ‘मरण’ हे शब्द सारखेच लागतात; त्यामुळे चाराचा आकडा असलेली खाट कुठलेही शहाणे रुग्णालय ठेवत नाही. तीननंतर पाच, एकोणचाळीसनंतर थेट पन्नास. कक्षाच्या तज्ज्ञांनी शेवटच्या खाटेवरचा पन्नासचा आकडा पाहिला आणि संगणकातल्या साथीच्या मॉडेलला पन्नास खाटा सांगितल्या. प्रत्यक्षात होत्या छत्तीस. त्या सगळ्या भरल्या तरी मॉडेलला चौदा रिकाम्या दिसत. त्या भरवशावर संध्याकाळचा बाजार चालू ठेवण्याचे आणि नवा वॉर्ड न उघडण्याचे धोरण शास्त्रशुद्ध ठरत असे.

शूछिन स्वतः कक्षात गेली.

“साहेब, त्या चौदा खाटा नाहीतच हो! चाराचे आकडे आहेत ते.”

“सिस्टर, मॉडेल शास्त्रावर चालतं. अंधश्रद्धेला इथे थारा नाही,” तज्ज्ञ डॉ. कान म्हणाले. संगणकाने शहाण्यासारखे वागावे म्हणून, आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे, त्याच्या डोक्यावर ठेवलेले खाऊचे हिरवे पाकीट त्यांनी हलक्या हाताने सरळ केले. “पाकिटाची तारीखही उलटलेली नाही, आजच बघितलंय. म्हणजे आकडे बरोबरच असणार.”

“मग बाबांना दुसऱ्या गावी तरी हलवू द्या. श्वास लागलाय त्यांना.”

“हलवायचं कशाला?” साहेबांनी एक बटण दाबले. “ही घ्या खाट. चव्वेचाळीस!”

त्या क्षणापासून बाबा खाटधारक झाले. खाटधारकाला दुसरीकडे हलवता येत नाही, आणि पॅसेज ही खाट नसल्यामुळे तिथे ऑक्सिजन पाठवता येत नाही. ऑक्सिजन चव्वेचाळीस नंबरवर रवाना झाला, आणि खाट न सापडल्यामुळे परत गेला.

“चव्वेचाळीस?” बाबा खोकत खोकत हसले. “म्हणजे दोनदा मरायचं? पोरी, एकदा पुरे होतं की गं.”

शूछिनला रडू फुटले. रडता रडताच तिने चिकटपट्टीवर जाड पेनाने ४४ लिहिले आणि ती स्ट्रेचरला लावली. अर्ध्या तासात ऑक्सिजनची टाकी आली. बाबांचे ओठ पुन्हा लाल दिसू लागले, त्यांनी पेज मागितली.

दुपारच्या फेरीत संचालकांना ती पट्टी दिसली.

“सिस्टर! माझ्या रुग्णालयात हा आकडा? पेशंट नुसत्या भीतीनं मरतील!”

“साहेब, पट्टी काढली तर टाकी जाईल. माझे बाबा जातील हो!”

“ते कक्षाला कळवा. आकड्यांचं काम त्यांचं.” असे म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने पट्टी उपटली. आता खाटच उरली नसल्यामुळे कर्मचाऱ्यांनी नियमाप्रमाणे टाकी उचलली. जाताना ते बिचारे वाकून माफी मागायला विसरले नाहीत.

बुधवारी सकाळी बाबा गेले.

मॉडेलने मात्र त्यांना जाऊ दिले नाही. खाट क्रमांक चव्वेचाळीसकडून कसलीही तक्रार न आल्यामुळे ‘प्रकृती स्थिर’ अशी नोंद होत राहिली. पुढे कक्षाच्या अहवालात ठळक अक्षरांत आले, की चाराच्या खाटांवर संपूर्ण साथीत एकही मृत्यू झालेला नाही, सबब अशा खाटांची संख्या तातडीने वाढवावी. ती वाढवली गेली. त्याला फारसा वेळ लागला नाही.

शनिवारी संध्याकाळी शूछिन बाजारातून घरी निघाली होती. बाहीवर सुतकाचा तागाचा तुकडा टाचलेला, तोंडावर मास्क. कालवांच्या ऑम्लेटसाठी लागलेल्या रांगेतल्या एका बाईने मोबाइलवरच्या आलेखातून डोके वर काढले.

“अगं, मास्क कशाला अजून? कितीतरी खाटा रिकाम्या आहेत म्हणे!”

“एकीवर माझे बाबा आहेत,” शूछिन म्हणाली.

“मिळाली ना खाट? नशीबवान हो!” बाई म्हणाल्या आणि रांगेत एक पाऊल पुढे सरकल्या.

त्यांच्या मागे आपण सगळेच उभे होतो. उतरता आलेख आपणही पाहिला होता, खाटा मोजायला मात्र कोणीच गेले नव्हते. आणि खरे सांगायचे तर, ऑम्लेट फार छान झाले होते.