अख्ख्या मंडपाची एकच हाऊजी

मी शिकवलेला विद्यार्थी नापास होत नाही. फार तर उशिरा पास होतो! मी स्वतः बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, पण नायगावहून उमेळ्याला जाऊन गणित आणि प्रोग्रामिंग शिकवतो, आणि तिथली पोरं मला चक्क 'सर' म्हणतात. घरी मला 'ए, दूध तापव' म्हणतात.

माझी विद्यार्थिनी प्रिस्का. हिला कॉम्प्युटरच्या कोर्सला पहिल्याच वर्षी गणितात केटी लागली, म्हणजे विषय राहिला, आणि तिच्या वडिलांनी, क्लेमेंट अंकलनी, निकाल लावून टाकला. कॉम्प्युटर बंद, जूनपासून मामाच्या बेकरीत गल्ल्यावर! प्रिस्काचे डोळे रडून सुजले. मला राहवलं नाही. म्हटलं, अंकल, चर्चच्या सणाला हाऊजी असते ना? पुकारलेले आकडे खोडायची ती तिकिटं, प्रत्येकावर वेगळे आकडे, यंदा प्रिस्काचा प्रोग्राम बनवेल. ते बघा आणि मग ठरवा.

"बघतो," अंकल म्हणाले. "पण गावासमोर हसं झालं, तर दुसऱ्या दिवशीपासून बेकरी."

प्रोग्राम तिनं एकटीनं लिहिला. मी फक्त तपासला. तपासणी सोपी जावी म्हणून, दर तिकिटाला तेच ते आकडे यावेत अशी एक ओळ मी मध्ये घातली. मग सगळं ठीक आहे असं बघून, मोठ्या थाटात, तिकिटं छापायला पाठवली. खेळाआधी कोणी उघडू नयेत म्हणून घडी घालून, पिना मारून ती हातोहात खपली!

सणाच्या संध्याकाळी मंडप गच्च भरला. पहिला आकडा आला चौदा. सगळ्यांनी खोडला. मग सदुसष्ट. तोही सगळ्यांनी खोडला. काय उत्साह! मग आला पाच, तो कोणाकडेच नव्हता, आणि अख्ख्या मंडपानं एकदम सुस्कारा टाकला. मला वाटलं, गावात एकी फार आहे.

तिकिटाची वरची ओळ पूर्ण झाली आणि सगळा मंडप एका दमात उभा राहिला! बक्षीस एकच, प्रेशर कुकर. जन्मात कधी काही न जिंकलेल्या मर्सी मावशींनी तो कडेवरच्या पोरासारखा घट्ट धरला. बाकीचे त्यांच्या मागे. कोणीतरी माईक माझ्या हातात कोंबला. मी घसा खाकरून सांगायला लागलो की गणितात याला दुर्मीळ योगायोग म्हणतात.

"सर," शेजारून प्रिस्का हळूच म्हणाली, "तुमची ती ओळ काढायची राहिली."

माईक चालू होता!

पुढची दहा मिनिटं गाव माझ्यावर हसत होतं. तेवढ्यात तिनं लॅपटॉप उघडला, ओळ उडवली आणि चर्चच्या ऑफिसातून नवी तिकिटं छापून आणली. प्रत्येकाचं वेगळं! खेळ पहिल्यापासून सुरू झाला आणि असा रंगला की जेवणं गार झाली. क्लेमेंट अंकल येईल त्याला गाठून सांगत होते, पोरीनं भर मंडपात सरांची चूक काढली. बेकरीचं नावसुद्धा नाही! मला इतका आनंद झाला की माझंच हसं झालंय हे मी विसरलो.

निघताना अंकलनी मला गेटपर्यंत सोडलं. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सर, तुम्ही शिकवायला येतच राहा. पोरीला चुका काढायची सवय लागलीये, ती मोडायला नको."

मी जातो. शक्यतो तयारी न करता.