डाव्या पायाचं वजन

उकंडभाऊ आपल्या डाव्या पायाला 'जवाई' म्हणत. लकवा झाल्यापासून. "हा पाय माहा नाई, मास्तर, जवाई हाय. दिवसभर खाटेवर लोळते, तेल लावून घेते, अन् कामाचं नाव काढलं का रुसते," असं ते भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत. माणसं हसत, बाहेर येत आणि कबुतराच्या रक्तानं मालिश करा म्हणून मला सांगत. खुद्द उकंडभाऊंना सल्ला द्यायची कोणाची छाती नव्हती.

कारण उकंडभाऊ सिंदीच्या एका कापसाच्या जिनात काट्यावर होते. शेतकऱ्यांच्या गाड्यांतला कापूस तोलायचा, हे त्यांचं काम. आमच्या गावात लोक देवाशी बिनदिक्कत खोटं बोलत, पण उकंडभाऊंच्या काट्यापुढे गप्प बसत. "काट्याले नातं नसते" हे त्यांचं पालुपद. कोणी मेला आणि लोक म्हणाले, माणूस चांगला होता, तर हे विचारणार, "काट्यावर ठेवून पाह्यला का?" आम्ही त्यांचे शेजारी. उसनी आणलेली वाटीभर साखर परत करताना माझी बायको वर शीग लावून द्यायची.

या काट्यानंच त्यांचं घर बुडवलं. त्यांची एकुलती एक लेक गिरजा देवळीकडे दिलेली. बायको कधीच गेलेली, तेव्हा घरात काय ती आठवण गिरजेचीच. एका हंगामात तिचे सासरे संपतराव कापसाची गाडी घेऊन थेट सिंदीला आले. जवळचे बाजार सोडून एवढ्या लांब का? तर काट्यावर व्याही आहे म्हणून! वरचा कापूस कोरडा, आतल्यावर पाणी मारलेलं. उकंडभाऊ भर गर्दीत ओरडले, "व्याही, पाण्याचं वजन आमी घेत नाई!" सगळा बाजार हसला. संपतरावांनी गाडी वळवली आणि गिरजेचं माहेर बंद केलं.

पुढे उन्हाळ्यात उकंडभाऊंचं डावं अंग गेलं. मालकांनी केळी पाठवली आणि काटा दुसऱ्याच्या हाती दिला. वर्ध्याचे डॉक्टर म्हणाले, "त्या पायावर भार टाकत राहा. खाटेवर पडून राहाल तर खाटेचेच व्हाल."

पण भार पडला की नाही, हे त्यांना कळणार कसं? त्या अंगाला जाणीवच उरली नव्हती. चिमटा काढा, चटका द्या, पत्ता नाही. एक दिवस म्हणाले, "मास्तर, मले काट्यावर न्या. तो सांगन."

पावसाळ्यात जिन बंद असतं. चौकीदार जुना, त्यानं फाटक उघडलं. उजवा पाय विटांवर, डावा काट्याच्या फळीवर, आणि मागून त्यांच्या कमरेचा पंचा धरून मी. दांडीवर थोडं वजन लावायचं. पायानं तेवढा भार घेतला तर दांडी उचलणार. रोज सकाळी हा तमाशा.

"उचलली का?"

"नाही."

"अरे, आता काय आहेराचं धोतर पाह्यजे का तुले?" ते पायावर खेकसत.

एके दिवशी दांडी खरंच उचलली. मला आनंदानं भरून आलं. उकंडभाऊंनी मान वळवून विचारलं, "तुमी धक्का देल्ला का? खरं सांगजा." त्यांनी मला विद्येची शपथ घ्यायला लावली, तेव्हा कुठे हसले. पुढे वजन वाढत गेलं. काठीनं चालू लागले, आणि काठी सोडून घटकाभर उभे राहू लागले.

दिवाळीला गिरजेला आणायला मी जातो म्हटलं. संपतरावांचा निरोप आला: दुसरा कोणी नको. बापानं स्वतः यावं, बाजारात उभा राहून बोलला तसं माझ्या दारात उभं राहून चुकलो म्हणावं, मग पोरगी न्यावी.

आम्ही गेलो. दारात बैलगाडीतून उतरताना उकंडभाऊंनी काठी गाडीतच ठेवली. संपतराव ओसरीवर बंगईवर झोके घेत होते आणि ऐकायला शेजारीपाजारी जमवून ठेवले होते.

"या व्याही, बसा. पानी घ्या."

लेकीच्या घरी बाप पाणी घेत नाही, हे संपतरावांना पक्कं ठाऊक. आणि एकदा बसले की आधाराशिवाय उठता येत नाही, हे उकंडभाऊंना. ते उभेच राहिले.

"त्या दिवशी काटा चुकला, व्याही. कापूस कोरडा होता."

"जरा जोरानं बोला. मांगच्याईले ऐकू नाई आलं."

उकंडभाऊ पुन्हा बोलले, मोठ्यानं. माझीच मान खाली गेली. जन्मभरात त्यांनी सांगितलेलं हे पहिलं खोटं वजन.

एवढ्यात गिरजा आतून आली. बापाचा गुडघा थरथरत होता. ती त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली, तोच गुडघा वाकला. तिनं पदराआडून खांदा त्यांच्या काखेत दिला, कमरेला हात घातला आणि ओठ दाबून तो सगळा देह पेलला. उकंडभाऊ ताठ मानेनं व्याह्याकडे पाहत होते. ओसरीच्या कडेला उभा असलेला खरा जावई मात्र बैल बांधायला निघून गेला.

"झालं गेलं गंगेले मियालं," संपतराव म्हणाले. "पन आता वेचनी चालू हाय. सुनेले कसं धाडू? संक्रांतीले पाहू."

त्या बंगईच्या कड्या उपटून त्यांच्या डोक्यात घालाव्यात, असं मला वाटलं. घातल्या नाहीत. आम्ही परत निघालो.

गाव मागे पडलं. मग उकंडभाऊ म्हणाले, "पोरगी डाव्या अंगाले उभी होती, मास्तर."

"होती."

"म्या तिच्यावर भार नाई टाकला ना? मले तिकडचं काई समजत नाई. खरं सांगजा."

"नाही," मी म्हणालो. "सगळं वजन तुमच्याच पायावर होतं."

या वेळी त्यांनी शपथ घ्यायला लावली नाही. "कामाले आला बिचारा," ते म्हणाले, आणि उजव्या हातानं त्या पायावर घोंगडी ओढली.