पाटावरची बॅटरी

कासमभाईंच्या खोलीत पाट एकच होता आणि त्यावर गाडीची बॅटरी बसायची. पाहुणे जमिनीवर. एकदा बेडशाहून त्यांची सख्खी बहीण आली, तर तिलाही गोणपाटावर बसवून जेवू घातलं. "पाट रिकामा न्हाई," एवढंच म्हणाले. उघड्या फरशीवर ठेवली की जमीन बॅटरीतली वीज पिऊन टाकते, असं त्यांचं ठाम मत. मी बी.ए. आहे, आमच्या वडिवळे गावातला पहिला. असं काही नसतं, हे मी त्यांना सांगून पाहिलं.

"तुमी पुस्तकं वाचली, बीए," ते म्हणाले. "बॅटरी न्हाई वाचली."

खंडाळ्याच्या एका बंगल्यावर ते तीस वर्षं ड्रायव्हर, राहायला गॅरेजाला लागूनच्या खोलीत. मी लोणावळ्याला शाळेत मास्तर आणि त्याच बंगल्यामागच्या पत्र्याच्या खोलीत बायको नि दोन पोरांसह भाडेकरू. शेठ मुंबईला. पूर्वी दर शनिवारी गोतावळ्यासकट यायचे. शेठाणी गेल्या, मुलं विलायतेत गेली, मग येणं वर्षातून एकदा-दोनदा. काळी लांबलचक गाडी गॅरेजात नुसती उभी.

घाटातल्या वळणांना कासमभाई भीत नसत. उभ्या गाडीला भीत. "चालती गाडी बंद पडली तर चार लोक ढकलाय येत्यात. उभी गाडी गुपचूप मरती, कुणाला पत्ता न्हाई." रोज सकाळी सातला ते गाडीत बसत, डोळे मिटून बिस्मिल्ला म्हणत आणि हॉर्न वाजवत. ती बॅटरीची नाडी. "आज खणखणीत," नाहीतर "आज गळा बसलाय." हॉर्न होईपर्यंत चहा नाही. आळीतले लोक त्यावर घड्याळं लावत. पावसाळ्यात तर रोज रात्री भाकरी खाऊन झाली की ते बॅटरी सोडवून, गोधडीत गुंडाळून, तान्ह्या पोरासारखी खोलीत नेत आणि सकाळी परत जोडत. काचेच्या बरणीत धरलेलं पावसाचं पाणी तिला पाजत.

या भीतीला कारण होतं. मागच्या खेपेला शेठ म्हणाले होते, "कासम, चावीनं चालू होते तोवर ठेवू. एक दिवस नाही झाली, की गाडीही काढू नि बंगलाही." शेठ हसत म्हणाले. कासमभाई हसले नाहीत. बंगला गेला तर त्या खोलीपलीकडं त्यांना जागा नव्हती. मलाही नव्हती.

त्या वर्षी श्रावणात त्यांनी एकाएकी बॅटरी खोलीत न्यायचं सोडलं. "कंबर धरलीया," म्हणाले. मला ते पथ्यावरच पडलं, कारण मी एक चोरटा उद्योग करत होतो आणि आता त्याला बॅटरी काढायच्या वेळेचा धाक उरला नाही. एम.ए.ची परीक्षा जवळ आलेली. आमच्या खोलीत पत्र्यावर पाऊस असा कोसळे की पोरांचं रडणंही ऐकू येऊ नये, आणि एकुलता एक कंदील चुलीपाशी. मग दिवे लागल्यावर, कासमभाई भाकऱ्या थापायला बसले की मी गॅरेजाची कडी हळूच काढी, मागच्या सीटवर बसून काचा लावी आणि छताचा छोटा दिवा लावून वाची. शेठांच्या गादीवर बसून एम.ए. करणारा वडिवळ्याचा माणूस. मला त्याचा अभिमानच वाटे. एवढासा दिवा, त्याला कितीशी वीज लागणार?

एका शुक्रवारी सकाळी सात वाजले आणि हॉर्न वाजला नाही. बेडकानं घसा खाकरावा तसा आवाज आला, तोही एकदाच. मी धावलो. कासमभाई स्टिअरिंग धरून बसलेले, कपाळावर घाम. सीटवर शेठांचं कार्ड: शनिवारी दहाच्या गाडीनं येतो.

"बीए," ते म्हणाले, "हातपाय गार पडले बगा."

माझेही पडले होते. दिव्याचं सांगायचं सोडून मी बॉनेट उघडलं. बी.ए. झालेला माणूस इतका भित्रा असू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं.

चार्जिंगवाल्याकडं न्यावी, तर वादळानं लोणावळ्यात वीज नव्हती. शनिवारी सकाळी हँडल मारमारून आमचे खांदे निघाले. शेवटी मी, दूधवाला आणि माझी बायको अशा तिघांनी गाडी उतारावर आणून ढकलली. बायको म्हणाली, "शिकल्याचा हा उपयोग झाला म्हणायचा." अर्ध्या उतारावर गाडी खोकली, थरथरली आणि धरली. कासमभाई तिला बंद न करता स्टेशनवर गेले. बंद केली असती तर संपलंच. मी शेजारी बसलो होतो, जीव मुठीत धरून.

शेठ आले, वाळलेले, काठी टेकत. "इंजिन का चालू ठेवलंस?"

"तुमची वाट बगतीया, शेठ. चला, राजमाची पॉइंटावर ढग बगून येऊ."

त्या धुक्यात स्वतःचा हातही दिसत नव्हता. तरी कासमभाईंनी शेठना पॉइंट दाखवला, मग तळं दाखवलं, पुन्हा पॉइंट दाखवला. बॅटरी भरत होती. शेठ झोपले होते.

रविवारी सकाळी शेठनी स्वतः चावी फिरवली. स्टार्टर कण्हला, एकदा, दोनदा, आणि इंजिन लागलं. "ठेवू अजून," शेठ म्हणाले आणि दुपारच्या गाडीनं गेले.

शेठ गेल्यावर मात्र मला राहवेना. "कासमभाई, बॅटरी मी मारली," मी म्हणालो. "गाडीत दिवा लावून वाचत होतो."

ते बरणीतलं पाणी बॅटरीत ओतत होते. मान वर केली नाही.

"ठावं हाय. म्हणून तर जोडलेली ठेवत हुतो."

"आणि कंबर?"

"कमरंला काय झालंय?" बरणीचं झाकण लावत म्हणाले, "भाकरी थापताना भिंतीच्या फटीतून गाडीत उजेड दिसायचा. वाटायचं, शेठची मंडळी बसलीत आत. आता हाक मारतील."

त्या संध्याकाळी बॅटरी पुन्हा पाटावर गेली. मग ज्या माणसानं गॅरेजात कुणाला कधी बिडी पेटवू दिली नव्हती, तो स्वतःचा कंदील घेऊन आला. गाडीच्या काचेबाहेर खिळ्याला टांगला आणि खाली वाळूनं भरलेली बादली ठेवली.

"बसा," म्हणाले. "दार तेवढं उगडं ऱ्हाऊ द्या. मला तितनं दिसाय पायजे."