जपून ठेवलेलं कीटण

बायकोच्या परीक्षेला जाताना माणसाने जरा नीटनेटकं दिसावं, एवढाच साधा विचार नॉर्बर्ट लेम्केने केला होता. त्याने कोट धुवायला टाकला, बूट चकाचक केले, केस कापून घेतले. तिथेच थांबला असता तर पुढचं काही घडलं नसतं. पण एकदा टापटिपीचं वेड डोक्यात शिरलं की माणूस कुठे थांबतो? (नॉर्बर्ट एरवी टापटिपीच्या वाटेला जात नसे, त्यामुळे त्याला सवयही नव्हती.)

त्याची बायको रोझलिन चीजच्या कारखान्याच्या दुकानात वर्षानुवर्षं काउंटरवर उभी राहून विटली होती. चाळिशी गाठल्यावर तिने लोकांचे दात साफ करायचं शिक्षण घ्यायचं ठरवलं आणि विशीतल्या पोरींबरोबर वर्गात जाऊन बसली. लेम्क्यांच्या जेवणाच्या टेबलावर मिठाच्या शेजारी प्लास्टरचे जबडे आले. आता फक्त विस्कॉन्सिन राज्याचा परवाना तेवढा मिळायचा होता. गावातल्या दंतवैद्याने तिच्यासाठी जागा राखून ठेवली होती, पण उन्हाळ्यापर्यंतच. आणि परवान्याआधी होती प्रात्यक्षिक परीक्षा, शनिवारी सकाळी, मिलवॉकीला. ती हुकली की पुढची एकदम पानगळीच्या दिवसांत.

या परीक्षेचा तेव्हा एक नियम होता. पेशंट आपला आपण आणायचा, आणि त्याच्या दातांवर जुनं, घट्ट, भरपूर कीटण असलं पाहिजे. परीक्षक आधी तोंड तपासणार. कीटण कमी भरलं तर हत्याराला हात न लावता घरी जायचं.

त्यामुळे वर्गातल्या पोरी कित्येक महिने गावभर लोकांच्या तोंडात डोकावत फिरत होत्या. पेगी नावाची रोझलिनची मैत्रीण तर बारमध्ये जाऊन अनोळखी पुरुषांना "जरा हसून दाखवता का?" असं विचारायची, आणि त्यातून नको ते गैरसमज व्हायचे. रोझलिनला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकावं लागलं नाही. तिच्या घरातच खाण निघाली.

"खालचा उजवा कोपरा बघ," ती पेगीला आरसा देत म्हणाली. "नॉर्ब, आ कर मोठा."

पेगीने पाहिलं आणि तिचा स्वरच बदलला. "अगं, हे तर पुस्तकातल्यापेक्षा भारी आहे. लग्न करताना ठाऊक होतं तुला?"

"छे गं. नशीब म्हणायचं."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आपल्या कुठल्याही अवयवाचं असं कौतुक झालेलं नॉर्बर्टला आठवत नव्हतं. तो त्या दिवशी दुकानात कामावर जरा छाती काढूनच गेला.

दुकान हार्डवेअरचं. मालक वॉल्ट, ज्याला कुणाचंही सुख पाच मिनिटांवर बघवत नसे.

"म्हणजे ते परीक्षक तुझ्या तोंडात बघणार?" वॉल्टने विचारलं.

"एकामागून एक. सगळे."

"आणि विचारणार, हा गृहस्थ कोण? रोझलिन म्हणणार, माझा नवरा. मग ते म्हणणार, घरातलं एक तोंड हिला सांभाळता आलं नाही, हिच्या हाती अख्ख्या राज्याची तोंडं कशी द्यायची?"

नॉर्बर्टच्या हातातला खिळ्यांचा डबा तसाच राहिला. बायकोची अशी शोभा आपल्यामुळे? त्याने विचार केला. (इथेच सगळी गडबड झाली.) रोझलिनच म्हणाली होती की खरा माल खालच्या उजव्या कोपऱ्यात आहे. मग पुढचे दात कशाला हवेत? ते तर नुसते दाखवायचे. पुढचे स्वच्छ करून घ्यावेत, मागचं तिला ठेवावं. दोघांचंही भलं.

गुरुवारी दुपारी डोकं दुखतंय असं सांगून तो शेजारच्या गावातल्या दवाखान्यात गेला. तिथे दात साफ करणाऱ्या बाई होत्या मिसेस हॉगन, भरभक्कम आणि प्रेमळ.

"फक्त पुढचे करा," नॉर्बर्ट म्हणाला.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि पुढचे केले. मग सहज आरसा मागे सरकवला आणि वाकून पाहिलं. "अहो, एवढं घेऊन कुठे निघालात?"

नॉर्बर्टला सांगायचं होतं की बाई, ते राखीव आहे. पण तोंडात आरसा, थुंकी ओढणारी नळी आणि मिसेस हॉगनची दोन बोटं होती. "आं आई, आं आई," तो म्हणाला.

"दुखतंय ना राजा? झालंच हं."

त्याने हात हलवला. त्यांनी तो मायेने दाबला आणि परत खुर्चीवर ठेवला. त्याने पाय झाडले, तर त्यांनी मदतनीस मुलीला बोलावून पाय धरायला लावले. तासाभराने त्या घाम पुसत म्हणाल्या, "मागच्याचे पैसे नकोत. असं काम सारखं सारखं मिळत नाही."

नॉर्बर्टने आरशात पाहिलं. त्याचे दात लग्नाच्या फोटोतल्यापेक्षाही पांढरे दिसत होते. त्याला तिथेच बसून रडावंसं वाटलं.

त्या संध्याकाळी आणि शुक्रवारी दिवसभर त्याने तोंड उघडलं नाही. परीक्षेच्या धास्तीने बिचारा गप्प झालाय, असं समजून रोझलिनने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्यामुळे तर त्याला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शुक्रवारी संध्याकाळी गावातल्या खानावळीत तळलेला मासा खायला जायचं, हे ठरलेलं. बरोबर रोझलिनचे वडील ऑर्विलही. हा म्हातारा गोठेवाला. सैन्यातून सुटल्यापासून दंतवैद्याचं तोंड न पाहिल्याची बढाई मारायचा, आणि खिळे विकणाऱ्याला मुलगी दिल्याचं दुःख दर शुक्रवारी नव्याने करायचा.

"जावईबापू आज मासा सोडून नुसतं सूप पितायत," ऑर्विल म्हणाला. "काय, खिळा गिळला की काय?"

विनोद काही फार मोठा नव्हता. पण दोन दिवस दाबून ठेवलेलं तोंड. नॉर्बर्टला फस्सकन हसू आलं, आणि वरच्या दिव्याचा उजेड बरोबर दातांवर पडला.

रोझलिनने काटा खाली ठेवला. "नॉर्ब. आ कर."

"रोझ, माझं ऐक..."

"आ कर."

त्याने केला. तिने चमचा उलटा धरून खालचा उजवा कोपरा पाहिला. तिथे काही नव्हतं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. पण तिचे डोळे भरले आणि ती हळूच म्हणाली, "कोणी केलं हे?"

"मिसेस हॉगन," नॉर्बर्ट म्हणाला. "मी फक्त पुढचेच सांगितले होते. तुझी शोभा होऊ नये म्हणून गं."

"काम बाकी छान केलंय त्यांनी," ती नाक पुसत म्हणाली. तेवढ्यातही तिच्यातली कारागीर गप्प बसेना. "पण उद्या सकाळी मी कुणाला नेऊ?"

तेव्हा ऑर्विल मोठ्याने हसला. जावयाची फजिती हा त्याचा आवडता पदार्थ. तो तोंड भरून हसला, आणि लेक आणि जावई दोघंही पुढे वाकून बघू लागले, कारण त्या तोंडात सैन्यातल्या जेवणापासूनचं सगळं जमा होतं.

"बाबा," रोझलिन म्हणाली, "तसेच हसत राहा."

"माझ्या दातांना कुणी हात लावायचा नाही," ऑर्विलने तोंड मिटलं. "आणि पहाटे गाई कोण पिळणार? हा?"

"मी पिळतो," नॉर्बर्ट म्हणाला.

हे वाक्य कुणाच्या तोंडून बाहेर पडलं ते त्याला आधी कळलंच नाही. गाई त्याला रस्त्यापलीकडूनही नको वाटायच्या. ऑर्विलने त्याच्याकडे निरखून पाहिलं, मासा संपवला आणि म्हणाला, "हे बघायला मिळणार नाही याचंच वाईट वाटतंय. निघू आपण पोरी."

त्या सकाळचं फारसं वर्णन नॉर्बर्टने कधी केलं नाही. अगाथा नावाच्या गाईने त्याला भिंतीशी दाबून धरलं, शेपटीने तोंडावर फटके मारले आणि त्याच्या चकाचक बुटावर पाय देऊन शांतपणे उभी राहिली, एवढंच कळतं. दुपारी गाडी आली तेव्हा तो शेणाने माखून पायरीवर बसला होता. रोझलिन धावत आली आणि तिने होता तसाच त्याला मिठीत घेतलं. परीक्षकांनी म्हाताऱ्याचं कीटण बघायला शेजारच्या खोलीतल्या परीक्षकांनाही बोलावलं होतं.

यथावकाश निकाल लागला, अर्ज गेला आणि परवाना आला. त्या शुक्रवारी रोझलिनने खानावळीत सगळ्यांना मासा खिलवला. नॉर्बर्टला इतका आनंद झाला होता की तो सारखा उठून उभा राहत होता. ऑर्विल टेबलाटेबलाशी जाऊन तोंड उघडून दाखवत होता, आणि जावयाला चक्क "शिकाऊ गवळी" म्हणाला. आजवरच्या पदव्यांमध्ये ही सगळ्यात वरची.

तेवढ्यात पेगी आली, तोंड पाडून. तिचा बारमधला पेशंट परीक्षेच्या दिवशी उगवलाच नव्हता. तिने सवयीने नॉर्बर्टच्या तोंडात पाहिलं आणि सुस्कारा सोडला. मग ऑर्विलच्या तोंडात पाहिलं.

"रोझ, हे तर एकाच कोपऱ्यात साफ आहे."

"परीक्षेत तेवढंच करायचं असतं ना," रोझलिन म्हणाली. "बाकीचे तीन तसेच आहेत."

"पानगळीच्या परीक्षेला मला एक कोपरा द्याल, ऑर्विलकाका? माझ्या आणखी दोन मैत्रिणी राहिल्यात."

"घ्या की," ऑर्विल उदारपणे म्हणाला. आता त्याला या कौतुकाची चटक लागली होती. "पण तिघींच्या परीक्षा वेगवेगळ्या दिवशी असल्या, तर त्या सगळ्या दिवशी माझ्या गाई?"

टेबलाभोवतीची सगळी माणसं वळून नॉर्बर्टकडे बघू लागली. त्याने नाही म्हणायला तोंड उघडलं, पण दिव्याचा उजेड दातांवर पडला आणि पेगी म्हणाली, "किती छान हसता हो तुम्ही. म्हणजे गाईंचं नक्की."