अरविंदराव वेळ मोजतात

अरविंदराव वाळिंबे आमच्याकडे पहिल्यांदा चहाला आले तेव्हा खुर्चीत बसलेच नाहीत. मोबाईलवरचं घड्याळ चालू करून ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि चहा होईपर्यंत आमच्या हिच्याकडे बघत राहिले. कप हातात आल्यावर म्हणाले, "वहिनी, तुम्हाला वाटत असेल वेळ उकळण्यात जातो. तसं नाही. तुमचा निम्मा वेळ गाळणं शोधण्यात जातो."

हिनं त्यांच्याकडे असं काही पाहिलं की मी गच्चीत जाऊन कुंड्यांना पाणी घालू लागलो. दुसऱ्या दिवशी मात्र ओट्याच्या वर एक खिळा आला आणि गाळणं त्याला लटकलं. याचं श्रेय आमच्या घरात आजतागायत कोणी कोणाला दिलेलं नाही.

भोरमध्ये माझं औषधाचं दुकान आहे. अरविंदराव आमच्या वरच्या मजल्यावर एकटेच राहतात. पुण्यातली नोकरी सोडून ते आणि त्यांची बायको नीला इकडे आले आणि घरात बसून परदेशातल्या लोकांचे कॉम्प्युटरचे प्रोग्राम तपासू लागले. तीन वर्षांपूर्वी नीलावहिनी गेल्या. तेव्हापासून तपासण्यासारखं जे काही अरविंदरावांना घरात सापडत नाही, ते शोधायला ते खाली आमच्याकडे येतात.

त्यांचं काम मला समजायला बराच काळ गेला. प्रोग्राम चालतो, पण रेंगाळतो किंवा मेमरी फार खातो. का? ते लिहिणाऱ्याला ठाऊक नसतं. तो छातीठोकपणे भलतीकडे बोट दाखवतो. अरविंदराव म्हणतात, "अंदाज सांगू नका, मोजून सांगा." मग प्रोग्रामच्या प्रत्येक तुकड्याला ते एक नाव चिकटवतात आणि प्रोग्राम चालू करून कोणत्या नावावर किती वेळ पडला, किती मेमरी पडली, ते बघतात. गंमत म्हणजे असं मोजायला बसलं की प्रोग्राम आणखी सावकाश चालतो. हे ते स्वतःच कबूल करतात. आमच्या चहाचंही तेच झालं होतं.

त्यांची भाषाही न्यारी. फंक्शनल म्हणतात तिला. तिचा स्वभाव असा, की उत्तर कोणी मागितल्याशिवाय ती कामाला हातच लावत नाही. "करीन" एवढं लिहून ठेवते आणि स्वस्थ बसते.

"म्हणजे आमच्या ह्यांच्यासारखी," ही म्हणाली.

"अगदी बरोबर, वहिनी. आणि अशी 'करीन, करीन' साठत गेली की त्यांचाच ढीग होतो."

त्या दिवसापासून दोघांची मैत्री जमली आणि माझी पंचाईत झाली. दिवाळीच्या आधी ही दोघं आमचा माळा उपसायला निघाली. माळ्यावर एक भलीमोठी पत्र्याची पेटी होती. पेटी का ठेवली? आत गोधडी आहे. गोधडी का ठेवली? आत्या आल्या तर लागेल. आत्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. अरविंदरावांना एवढा आनंद मी क्वचितच झालेला पाहिला.

"कॉम्प्युटरमध्ये हेच होतं," ते शिडीवरूनच सांगू लागले. "नको असलेलं उचलून नेणारा आत असतो. पण तो आधी विचारतो, हे कोणाला लागतंय का? कोपऱ्यातून कोणीतरी हो म्हणतं. मग तो हात लावत नाही. आपण म्हणतो मेमरी पुरत नाही आणि नवीन विकत आणतो. माळा भरला म्हणून वर दुसरा मजला चढवायचा? मूर्खपणा नुसता!"

हे मुद्दाम सांगतोय. कारण हाच मनुष्य दरवर्षी मेमरीची नवी पट्टी विकत घेतो आणि माझ्या गाडीतून वेल्ह्याला नेतो.

वेल्ह्याच्या पलीकडे एका ट्रस्टचा छोटा दवाखाना आहे. वर डोंगरातल्या वाड्यांमधल्या आया महिन्यातून एकदा पोरांना घेऊन खाली येतात. सुमनताई नर्स वजनं घेतात आणि कॉम्प्युटरवर चढवतात. मग प्रोग्राम सगळ्या जुन्या वजनांची सरासरी काढून सांगतो, कोणतं पोर मागं पडतंय. त्या पोराला लगेच डॉक्टरांपुढं न्यायचं. हा प्रोग्राम अरविंदराव आणि नीलावहिनींनी मिळून फुकट लिहून दिला होता. आता तो रडतखडत चालत होता.

यंदा पट्टी घेऊन आम्ही पोचलो तेव्हा दवाखान्याची ओसरी सकाळीच माणसांनी भरली होती. पोरं रडत होती, आया पदरानं वारा घालत होत्या. अरविंदरावांनी कॉम्प्युटरचं झाकण उघडलं आणि पट्टी परत खिशात ठेवली. आत पट्टी बसवायला जागाच उरली नव्हती.

"आता वं?" सुमनताई म्हणाल्या. "दादा, डागतर दुपारपातूरच असत्यात. मागल्या खेपंला त्ये गेल्यावर नावं आली. त्यातली एक पोरगी वरच्या वाडीची. आई तिला घिऊन परत खाली आलीच न्हाई. म्या जाऊन बघितलं. लई वाळलीया पोरगी. आज कशीबशी आनलीया तिला."

त्यांनी बोट केलं. भिंतीला टेकून एक बाई बसली होती. मांडीवरची पोर रडतसुद्धा नव्हती.

मी औषधविक्या माणूस, मला त्यातलं काही कळत नाही. पण राग आला. "अरविंदराव," मी म्हणालो, "जगाचं मोजता. हे एकदा मोजून का बघत नाही?"

"मोजलंय," ते म्हणाले.

त्यांनी पिशवीतून लॅपटॉप काढला आणि एक आलेख दाखवला. आडवा वेळ, उभी मेमरी, आणि प्रत्येक नावाचा वेगळा रंगीत पट्टा. बाकीचे पट्टे तळाशी चिकटलेले. एक हिरवा पट्टा मात्र डोंगरासारखा चढत गेलेला. त्याच्यावर इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, 'नीला'.

"आम्ही आपापल्या कामाला आपापलं नाव लावलं होतं," ते म्हणाले. "भांडण झालं तर चूक कोणाची ते कळावं म्हणून. सरासरी तिनं लिहिली."

"मग चूक काय आहे?"

"पंगत बसलीय समजा. एक वाढपी सगळ्या रांगेतून फिरला आणि कोणी किती पोळ्या खाल्ल्या त्याची बेरीज केली. मग म्हणाला, उठू नका, आता डोकी मोजायला परत येतो. झालं. जेवून हात वाळले तरी कोणाला उठता येत नाही. सगळी पंगत अडकली. एकाच फेरीत दोन्ही मोजलं असतं तर ज्याचं झालं तो उठला असता."

"एवढंच?"

"एवढंच. दोन ओळींचं काम."

"कधीपासून माहीत आहे?"

ते हिरव्या पट्ट्याकडे बघत राहिले. तेव्हा मला कळलं. रोज सकाळी वरच्या मजल्यावर त्यांचा लॅपटॉप सुरू झाल्याचा आवाज येतो आणि मग बराच वेळ टायपिंगचा आवाज येत नाही. मी समजायचो की साहेब वर्तमानपत्र वाचत असतील. साहेब तो हिरवा पट्टा बघत बसत होते. चूक दुरुस्त केली की तो डोंगर खाली बसणार होता. मला त्यांची फार दया आली आणि त्याच वेळी त्या भिंतीला टेकलेल्या बाईकडे बघवेना.

तेवढ्यात सुमनताई आल्या. एरवी बोलायला खणखणीत बाई, पण जवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "दादा, नीलाताई हितं आल्या की आदी पोरं उचलून घ्यायच्या, मग मशीनकडं बघायच्या."

अरविंदरावांनी मान हलवली आणि खुर्ची पुढं ओढली. दोन ओळींच्या कामाला ते बराच वेळ लावत होते. एक ओळ खोडायचे, परत लिहायचे, चष्मा पुसायचे. शेवटी त्यांनी नवा प्रोग्राम दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर चढवला. मी खिशातून गाडीची किल्ली काढेपर्यंत नावं पडद्यावर आली. सुमनताईंनी वरच्या वाडीच्या पोरीला आईच्या मांडीवरून उचललं आणि थेट डॉक्टरांच्या खोलीत नेलं. ओसरीवरच्या बाया उठू लागल्या. एक म्हणाली, "आज लवकर झालं की गं!"

"चला," मी म्हणालो. "जाताना नसरापूरला मिसळ खाऊ. माझ्याकडून."

अरविंदराव जागचे हलले नाहीत. त्यांनी तोच आलेख नव्यानं काढला होता. सगळं कसं सपाट, कुठं चढ नाही. कोणालाही अभिमान वाटावा असा आलेख. पण त्यात हिरवा पट्टा नव्हता.

"वहिनींचं नाव कुठं गेलं?" मी विचारलं.

"जे बारीकसारीक असतं ते वेगळं दाखवत नाहीत," ते म्हणाले. "सगळं एकत्र करून 'इतर' लिहितात. तसा नियमच आहे." मग पडद्याकडे बघत म्हणाले, "तिला 'इतर'मध्ये टाकलंय हो."

मग त्यांनी तो नियमच काढून टाकला. कितीही बारीक असो, प्रत्येक नाव वेगळं दाखव, असं कॉम्प्युटरला सांगितलं. आलेखाची पार दशा झाली. केसासारख्या बारीक रेघा एकमेकींवर चढल्या आणि नावांची एवढी गर्दी झाली की एकही अक्षर लागेना. अरविंदरावांनी चष्मा कपाळावर सरकवला, नाक पडद्याला लावलं आणि बोटाच्या टोकानं एकेक रेघ सोडत खालपर्यंत आले.

"ही बघा," ते म्हणाले. "आहे. दिसतेय ना?"

मी वाकलो. मला काहीसुद्धा दिसत नव्हतं.

"हो," मी म्हणालो, "दिसतेय की."