मान्य बाबींचे धनराजभाऊ

धनराजभाऊंकडे जेवायला बसलं, की वाढण्याआधी ते विचारायचे, "मास्तर, वांगं मान्य बाबीत बसते काय तुमच्या?"

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. कुरखेड्याला भाऊंच्या संस्थेचं मुलींचं वसतिगृह होतं आणि मी शेजारच्या शाळेत मास्तर. सरकारशी करार असा, की खर्च आधी संस्थेनं करायचा. मग त्यातल्या 'मान्य बाबीं'चेच पैसे सरकार परत देणार. हा करार भाऊंच्या बोलण्यात पार मुरला होता. भाचीसाठी स्थळ पाहून आले तेव्हाही म्हणाले, "पोरगा मान्य हाय. मिशी तेवढी आपल्या खर्चानं काढा लागन."

पण माणूस पक्का. मान्य यादीत लोणचं नव्हतं. मुली कोरडा भात गिळतात हे पाहून भाऊ थेट जिल्ह्याच्या साहेबापुढे जाऊन बसले. "फळं मान्य हायेत ना जी? मंग आंबा फोडून त्याले मीठ लावलं, तं तो फळातून उठला काय?"

साहेबाला हसू आवरेना. लोणचं मंजूर झालं.

एका पावसाळ्यात वसतिगृहातली भामरागडकडची जैनी तापानं फणफणली. डोळे फिरवू लागली. रस्त्यावर पाणी, एस.टी. बंद. भाऊंनी बल्लारपूरकडे निघालेला बांबूचा ट्रक आडवा उभा राहून थांबवला आणि पोरीला मांडीवर घेऊन गडचिरोलीचा दवाखाना गाठला. जैनी वाचली.

पुढे तपासणीला आलेल्या साहेबानं ट्रकचं भाडं खोडलं. आजाऱ्याला एस.टी.चं तिकीट तेवढं मान्य! माणूस तसा भला. हळूच म्हणाला, "सरपण आणलं असं लिहा. ते बसतं."

भाऊ ताडकन उभे राहिले. "पोरगी सरपण नाई होय जी."

भाडं त्यांनी घरचं धान विकून भरलं. साहेब गेल्यावर आम्ही दोघं तळ्याच्या बांधावरून परतत होतो. मी म्हटलं, "भाऊ, एक शब्द लिहिला असता तर काय बिघडलं असतं?"

भाऊंच्या घरी ते आणि त्यांची बायको दोघंच, लेकरू नव्हतं.

"ट्रकात तापाच्या भरात तिनं मले बाबा म्हटलं, मास्तर. घडीघडी हाक मारे. मी ओ देत राह्यलो."

त्यांनी चष्मा काढून धोतराला पुसला.

"आता बरी झाली, तं पुन्हा भाऊ म्हणते," ते हसून म्हणाले. "बरी झाली, हे बेस झालं."